पोलिक्सेनी आजीचा बाप्तिस्मा

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार

पाळक लिवियू आज परत गेले. पोग्रादेत्सहून सुटणाऱ्या मालट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, पोटाशी उशी धरून. पित्ताशयात खडे झालेत, आठ दिवस कण्हत होते. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "भाऊ गेदेऑन, शेन्मारेनाची मंडळी आता तुझ्या हवाली."

मंडळी कसली? जूनपासून आम्ही दोघं या तळ्याकाठच्या गावात आहोत. उपासनेला दोन म्हाताऱ्या येतात, त्याही मी बांधलेल्या शेगडीची ऊब बरी वाटते म्हणून. बाप्तिस्मा एकाचाही झालेला नाही.

मी मुळात गवंडी. शेगड्या आणि धुराडी बांधतो. अरादजवळच्या आमच्या मंडळीत डीकन आहे, म्हणजे खुर्च्या मांडतो आणि प्रभुभोजनाचे पेले विसळतो. अल्बानियात सुवार्ता सांगायला जोडीदार हवा होता. इथले लोक व्लाख, त्यांची बोली आमच्या रोमानियनची चुलत बहीण, थोडं बोलून आणि थोडं हातवारे करून भागतं. म्हणून पाळकांनी मला बरोबर घेतलं. वडिलांनी माझं नाव बायबलमधल्या शूर गिदोनावरून ठेवलं होतं. हा गिदोन आधी शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. तेवढाच भाग माझ्यात उतरला आहे.

आज जेवताना मला रडू आलं. लिहायलाही लाज वाटते. मी ज्यांच्या घरी राहतो ती पोलिक्सेनी आजी, तिचा मुलगा थानास आणि सून झनेता, तिघंही समोर होती. "चार महिने झाले," मी म्हणालो, "आणि एकही नाही. नाताळात सगळे विचारतील. मी रिकाम्या हातांनी कोणत्या तोंडाने परत जाऊ?"

"बारा धुराडी साफ केलीस की, मिस्त्री," थानास म्हणाला. "ती सांग त्यांना."

 आजी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

९ ऑक्टोबर

आजीने माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणले होते. मी घेतले नाहीत. पाळकांचा नियम आहे: आपण द्यायला आलोय, घ्यायला नाही. जेवणाच्या बदल्यातही आमच्या पिठाचं पोतं मी त्यांच्या घरात टाकलेलं आहे. याआधी कातड्याची टोपी, अक्रोडांची पिशवी, थानासने तळ्यातून आणलेला हाताएवढा मासा, सगळं मी नम्रपणे परत केलंय. रकी, म्हणजे त्यांची घरची दारू, तर अर्थातच नाही.

"तुमच्या येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला म्हणतोस," आजी म्हणाली, "आणि तू माझ्या रकीकडे असा बघतोस, जशी काही आत पाल पडलीय."

"आमच्या मंडळीत चालत नाही, आजी."

"आणि मोजे? तेही चालत नाहीत?"

 ती मोजे घेऊन आत गेली आणि संध्याकाळी जेवायला बाहेर आली नाही. दमली असेल. नियम पाळणारा माणूस बघून मनातून तिला बरंच वाटलं असणार.

१९ ऑक्टोबर

मदतीचं सामान आणणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती पाळकांचं पत्र आलं. शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे लिहितात: "मंडळी दर बुधवारी तुझ्यासाठी उपास करते आहे. नाताळच्या उपासनेत साक्ष तू द्यायची आहेस. एक तरी आत्मा, भाऊ, एक तरी! सोबत कॅमेरा आणि पांढरा झगा पाठवतो. पाण्यातला फोटो आण." ट्रक मला न्यायला १० डिसेंबरला येईल. माझा इथे राहण्याचा परवानाही तेवढ्याच दिवसांचा आहे.

 दीडशे माणसं माझ्यासाठी उपाशी राहतात, आणि मी या आठवड्यात काय केलं? शाळेच्या शेगडीची जाळी बदलली. दवाखान्याचं तुंबलेलं धुराडं मोकळं केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा ती खोली गरम झाली, आता बाळंतिणींना तिथे ठेवता येईल. हे काही देवाचं कार्य नव्हे. असली कामं मी अरादलाही करतो.

डोळे मिटले की आमच्या प्रार्थनाघरातले बाक दिसतात. सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली.

२४ ऑक्टोबर

देवाची स्तुती असो. 

दुपारी आजी घेवडा सोलत बसली होती. मी शेगडीत लाकूड सारत होतो. एकदम म्हणाली, "किती जण हवेत तुला?"

"कसले?"

"ते, पाण्यात बुडवायला."

मी म्हणालो, किती हा प्रश्नच नाही, एका पाप्याने पश्चात्ताप केला तरी स्वर्गात आनंद होतो.

"म्हणजे एक पुरेल."

"एक पुष्कळ झाला, आजी."

"मग मी येते."

लाकूड माझ्या हातातच राहिलं. मी विचारलं, मनापासून म्हणतेस? "मनापासून नाही तर काय?" ती म्हणाली. "तान्ही असताना पाद्र्याने मला तीनदा बुडवून काढलंय. चौथ्यांदा बुडले तर विरघळायची नाही. तू आता जरा खा. गाल बघ कसे बसलेत."

मी गोठ्यामागे जाऊन गुडघे टेकले आणि मनसोक्त रडलो. पवित्र आत्मा माणसाला कसा न सांगता गाठतो! मग प्रार्थना निम्म्यावर आली आणि आठवलं, आजी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. जिना चढताना तीनदा थांबते. पाय सुजून जोड्यात मावत नाहीत. आणि आठ दिवसांनी नोव्हेंबर लागतो. ती तशीच अर्धी सोडून उठलो.

२ नोव्हेंबर

आजीची शिकवणी चालू आहे. पाप, पश्चात्ताप, कृपा. इतकी सोपी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. एक शंका नाही, एक प्रश्न नाही. मी काहीही सांगितलं की ती म्हणते, "बरं. याला हो म्हणायचं ना? हो." लेकरासारखा निर्मळ विश्वास. मी स्वतः बाप्तिस्म्याआधी सहा महिने वडिलांशी वाद घातला होता.

आज तिला सांगितलं की देव बाप आहे, प्रेमळ आहे, आपल्या कर्मांचा हिशेब मागत नाही, तारण फुकट मिळतं. ती जरा वेळ माझं तोंड न्याहाळत होती. "तुला झोप लागत नाही ना रे?" म्हणाली. मी सांगितलं, विषय बदलू नकोस.

४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. मीच बोलावलं होतं. आजीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होत्या. बाहेर आल्यावर मला भिंतीशी घेतलं.

"कुठल्या शहाण्याने ठरवलं हे? हे काळीज उन्हाळ्यातसुद्धा कसंबसं चालतं. एवढ्या थंड पाण्यात डोक्यापर्यंत बुडवलंत तर ते तिथल्या तिथे बंद पडेल. पडणारच असं नाही म्हणत मी. पण माझी आई असती तर मी तुम्हाला गावात ठेवलं नसतं."

 घरी येऊन आजीला म्हणालो, तुमच्याकडे द्राक्षं तुडवायची मोठं लाकडी पिंप आहे, ते घरात आणू, पाणी तापवू, दार लावू. शास्त्राला तेही चालतं, फक्त पूर्ण बुडालं पाहिजे.

आजी भडकली. "दार लावून? मी चोरी करतेय का? पाहुण्याला काही द्यायचं तर लपवून देतात का कुठे? तळ्यावरच. सगळ्यांदेखत."

किती धीट कबुली! छळाच्या काळात आमच्या रोमानियातही इतकी छाती थोड्यांचीच होती. मी तिच्यापुढे खुजा वाटतो. आणि तरी डॉक्टरीणबाईंचे शब्द कानातून जात नाहीत.

६ नोव्हेंबर

पाळकांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, काळजाचं, सुजेचं, पाण्याचं. विचारलं, डोक्यावर नुसतं पाणी ओतलं तर चालेल का? हे लिहितानाच वाटलं की माझा आजोबा थडग्यात कूस बदलत असेल. डोक्यावर नुसतं पाणी ओतून दिलेला बाप्तिस्मा नाकारला म्हणून त्याने मार खाल्ला होता.

२० नोव्हेंबर, रविवार

उत्तर आलं. "ओतणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, हे तुला मी सांगायला हवं? त्या म्हातारीचा विश्वास तुझ्याहून मोठा आहे. तिच्या आड येऊ नकोस. ही भीती कुणाकडून येते ते तू जाणतोस. २७ तारखेचा रविवार धर. त्या सकाळी सगळी मंडळी गुडघ्यांवर असेल."

म्हणजे भीती सैतानाकडून येते. मी दिवसभर तिला हाकलतोय आणि ती मांजरासारखी परत येऊन मांडीवर बसते.  मी नाही म्हणालो तर देवाच्या आड आलो. हो म्हणालो आणि ती माझ्या हातांत गेली तर? आणि खरं सांगायचं तर, प्रभू मला क्षमा करो, या दोन भीतींच्या खाली तिसरी आहे: नाताळच्या दिवशी उभं राहून "एकही नाही" म्हणायची. कधी कधी तीच सगळ्यांत मोठी वाटते. म्हातारीच्या जिवापेक्षा मोठी. हे वाचून माझी मलाच किळस येते.

२२ नोव्हेंबर

सकाळी एकटाच तळ्यावर गेलो. मी कुणालाही बाप्तिस्मा दिलेला नाही, आणि मला पोहता येत नाही. तळ कसा आहे, कुठवर जायचं, बघायला हवं होतं. कमरेपर्यंत गेलो. थंडीने श्वास छातीतच अडकला, बाहेरही येईना, आतही जाईना. मी अडतीस वर्षांचा आहे आणि काळीज धडधाकट आहे. मी तिथे उभा राहून मोजत होतो, आजीला मागे झुकवायचं, बुडवायचं, वर काढायचं, तीन सेकंद, फार तर चार. दात वाजत होते. मोजता येईना.

वळलो तर काठावर थानास. जाळं खांद्यावर टाकून शांत उभा होता.

"मिस्त्री, ये बाहेर. बोलायचंय."

मी बाहेर आलो. पँट गळत होती.

"आईला मी अडवलं," तो म्हणाला. "भांडलो, ताट फेकलं. ऐकत नाही. तिचा शब्द गेलाय, आता तो तिच्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. तूच सोडवू शकतोस. कळतंय का मी काय म्हणतोय?"

"हा देवाचा आणि तिचा प्रश्न आहे, थानासभाऊ."

"देवाचं मला सांगू नकोस. रविवारी मी होडी घेऊन तिथेच असणार. तिचा श्वास पाण्यात अडकला तर तूही बाहेर येणार नाहीस. तू चांगला माणूस आहेस. माझ्या घरातला धूर तू घालवलास. पण मी सांगून ठेवतो."

त्याने हे मोठ्या आवाजात म्हटलं असतं तर मला कमी भीती वाटली असती. शब्द सोडवायचं काय म्हणाला, ते मला नीट उमगलं नाही. बाप्तिस्म्याचा निर्णय काय परत करता येतो?

२४ नोव्हेंबर

झनेतावहिनी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, एक विचारू? तुम्ही ते मोजे का नाही घेतलेत?"

मी नियम समजावला.

"तसं नाही. आमच्या घरातून आजवर कुणी काही न घेता गेलेलं नाही. हुकूमशाहीच्या काळात घरात मैद्याची चिमूट नव्हती तेव्हा सासूबाईंनी तुरुंगातून सुटलेल्या माणसाला स्वतःची शाल दिलीय. आणि तुम्हाला काहीच चालत नाही. त्यांना काय द्यावं कळतच नव्हतं. रात्रंदिवस तोच घोर. मग तुम्ही त्या दिवशी जेवताना रडलात."

"वहिनी, मी त्यांच्याकडून काही अपेक्षिलं नाही."

"तेच तर," ती म्हणाली आणि फडक्याने हात पुसत निघून गेली.

वहिनीला मोज्यांचं एवढं काय लागलं कुणास ठाऊक. इथे आजीच्या जिवाचा प्रश्न आहे.

२६ नोव्हेंबर

वारा सुटलाय. तळं राखाडी झालंय. पाऊस आला, वादळ आलं, ताप आला, काहीही येऊ दे, अशी प्रार्थना करतोय. मग लगेच त्या प्रार्थनेबद्दल क्षमा मागतो. आजी दुपारी केस धुऊन उन्हात बसली होती. खुशीत होती. शेजारणींना सांगत होती, "उद्या या गं. नीट कपडे करून या. फोटो निघणारे."

२७ नोव्हेंबर, रविवार. दुपार

लवकर लिहून काढतो, नाहीतर पुढे स्वतःशीच खोटं बोलेन.

सगळं गाव काठावर होतं. जुन्या काँक्रीटच्या बंकरवर बायका ओळीने बसल्या होत्या. थानासची होडी वीस हातांवर, आणि तो वल्ही वर धरून माझ्याकडे बघत होता. झनेतावहिनीच्या हातात कॅमेरा. डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन आल्या होत्या. मी स्तोत्र म्हणायला लागलो. एकट्यानेच म्हणायचं होतं, दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं.

मी आधी पाण्यात शिरलो. मग आजीने कोट उतरवला आणि तो पांढरा झगा घालून आली, सुनेचा हात सोडून, एकटी. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. गुडघ्यांपर्यंत आली तेव्हा तिचा श्वास सुरीने कापल्यासारखा तुटत होता. ओठ निळे. मी पुढे जाऊन तिचे हात धरले. ती माझ्या मनगटांना अशी लटकली होती की तिचं सगळं वजन मला कळत होतं, आणि ते काहीच नव्हतं, लाकडाच्या मोळीएवढंही नव्हतं. मला वाटलं, ही आता जाणार. आणि मी तिला अजून आत ओढतोय.

प्रश्न विचारायलाच हवा असतो. मी विचारला, "पोलिक्सेनी, येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आणि तुझा तारणारा आहे, असा तू पूर्ण अंतःकरणाने विश्वास धरतेस काय?"

"हो, हो," ती म्हणाली. "तू विचारत जा, मी हो म्हणते. पण लवकर कर लेका, पाय गेले." आणि मग, माझ्याजवळ तोंड आणून, हळूच, "फोटो नीट येऊ दे. नाहीतर तिकडच्या लोकांचा विश्वास बसायचा नाही की तू कुणाला तरी मिळवलंस."

मला आठवतं त्याप्रमाणे मी एकदा वर बघितलं. ढग होते. वहिनी दारात काय सांगत होती, थानास शब्द सोडवायचं काय म्हणत होता, दार लावून का चालणार नव्हतं, सगळं एकदम डोक्यात शिरलं. ही बाई माझ्या देवासाठी पाण्यात आलीच नव्हती. मी रडलो होतो म्हणून आली होती. घरात माझ्या हातात ठेवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिने स्वतःला आणलं होतं. आणि मी पाच आठवडे त्याला विश्वास म्हणत होतो, कारण मला एक हवा होता.

मी तिला उचललं आणि काठाकडे चालायला लागलो.

"हे काय? खाली ठेव! खाली ठेव मला! लोक बघतायत!" ती माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती. त्यांत जोर नव्हता. मी सांगत होतो, नको आजी, नको, मला नकोय. हे मी किती वेळा म्हणालो देव जाणे. थानास होडी टाकून पाण्यातून धावत आला, त्याने तिला माझ्याकडून घेतलं, घोंगडीत गुंडाळलं. कुणी हसलं नाही. बायका बंकरवरून उतरून मुकाट्याने घरी गेल्या.

२८ नोव्हेंबर

आजीला ताप आहे. गुडघ्यांपर्यंतच गेली होती, तरी. डॉक्टरीणबाई दोनदा सुई टोचून गेल्या. छातीत कफ भरलाय.

३० नोव्हेंबर

ताप उतरत नाही. थानास तिच्या दाराबाहेर बसून असतो. मला आत जाऊ देत नाही, हाकलतही नाही. मी अंगणातून त्या खोलीच्या शेगडीला लाकूड पुरवतो, बाहेरच्या तोंडाने. एवढंच मला करता येतं. प्रार्थना करायला बसलो की फक्त "जगव" एवढाच शब्द येतो. कुणाच्या भल्यासाठी, तेही म्हणवत नाही.

पाळकांना काय लिहू? बाप्तिस्मा दिला नाही आणि म्हातारीही दगावली?

२ डिसेंबर

आज पहाटे घाम येऊन ताप उतरला. झनेतावहिनी अंगणात येऊन म्हणाली, "सूप मागितलं त्यांनी." मी विहिरीच्या कठड्यावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

दुपारी थानासने मला आत जाऊ दिलं. आजीने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. एक शब्द नाही. उद्याही नसेल, तिचा अपमान फार मोठा आहे. मी भर गावात तिची देणगी नाकारली.

५ डिसेंबर, सोमवार

आजी बोलली.

मी लाकडं ठेवायला आत गेलो होतो. उशांना टेकून बसली होती, डोक्याला रुमाल, चेहरा अर्धा झालेला.

"बस," म्हणाली.

मी बसलो.

"साठ वर्षं या घरात आहे. मी दिलेलं कुणी माझ्याच दारात आणून टाकलं नव्हतं."

"आजी, तू मेली असतीस."

"मेले असते तर मेले असते. माझा जीव, मी देईन. तू कोण ठरवणारा?" तिला खोकला आला. मी पाणी दिलं. प्यायली. "आता तिकडे जाऊन काय सांगशील?"

"एकही नाही, म्हणून सांगेन."

"मारतील?"

"नाही गं. मारत नाहीत. तोंडं पाडतील. पाळक मान हलवतील. पुढच्या खेपेला दुसऱ्याला पाठवतील."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने घोंगडी वर ओढली. अंगणात वहिनी कोंबड्यांना हाक मारत होती.

"आणि तुझा देव?" तिने विचारलं. "रिकाम्या हातांनी गेलास तर तो काय करेल? रागावेल?"

घाईने उत्तर द्यावंसं वाटेना. जूनपासून या गावात मी दारोदार सांगत हिंडलोय की तो बाप आहे, हिशेब मागत नाही, त्याच्या दारी हात पसरून जायचं असतं, भरून नाही. तिलाही याच खोलीत शिकवलं होतं, आणि तिने "बरं, हो" म्हटलं होतं. पण असं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. मी आत शोधून बघितलं, खरंच बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "तो नाही रागावणार."

"मी आजारी आहे म्हणून म्हणतोस?"

"नाही आजी. खरं तेच सांगतोय."

तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. ती चिडलेली नव्हती. पोराचं कुठे दुखतंय हे कळत नसलं की आई बघते, तसं.

"मग लेका," ती म्हणाली, "इतके महिने तू एवढा कुणाला घाबरत होतास?"

 ती उत्तराची वाट बघता बघता झोपी गेली. मी तिथेच बसून शेगडीत लाकूड घालत राहिलो. ट्रक शनिवारी येणार आहे.